देव वाटायचा कसा?

आधी सोलापूर-हैदराबाद महामार्ग नाहीसा होतो. मग त्याच्या कडेचे ढाबे, टायरची दुकानं, मोबाइलचे मनोरे, विजेच्या तारा. उरते काळी माती, ज्वारीची रानं, बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि खंडोबाचं देऊळ. तुम्ही अणदुरात आहात. कुठल्या शतकात, ते विचारू नका. वीज यायला अजून फार अवकाश आहे, एवढं पुरे.

देवळाच्या ओवरीत बैठक बसली आहे. खाली भंडारा इतका सांडलाय की तुमचे तळवे पिवळे झालेत. एका बाजूला अणदूरचे मानकरी, समोर नळदुर्गचे. परगावचा आणि कुणाच्याच बाजूचा नसलेला माणूस म्हणून तुम्हाला मधे बसवलंय. प्रश्न असा: देव एक आहे, गावं दोन आहेत. देव दोघांनाही हवा आहे आणि दोघांची भक्ती खरी आहे. वाट काढा.

तुम्ही सुचवता, दुसरी मूर्ती घडवा. दोन्हीकडच्या माना एकदम हलतात. मग खरा देव कुणाकडचा? तुम्ही म्हणता, दोन्ही गावांच्या मधे रानात देऊळ बांधा. म्हणजे देव कुणाच्याच गावात नाही. कौल लावा, देवच सांगेल. एक म्हातारा शांतपणे म्हणतो, "आज कौल लागंल, पुढल्या साली पुन्हा भांडान." तुम्ही गप्प होता. डोकं त्याच तीन वाटांनी पुन्हा पुन्हा जातं आणि तिथेच अडतं. अर्धी सकाळ सरते.

ओवरीसमोरून एक बाई जाते. मागे तिची लेक, कडेवर पोर, डोक्यावर गाठोडं. दिवाळीला आलेली लेक सासरी निघाली आहे. "पंचमीला धाडा म्हणावं," आई कुणाला तरी निरोप सांगते. बैठकीतलं कुणी तिकडे बघत नाही. तुम्हीही नाही.

आणि थोड्या वेळाने तुमच्या डोक्यात काहीतरी सरकतं. कळ दाबावी तसं, एकदम. देव कुठे राहील हे ठरवायचंच कशाला? केव्हा कुठे राहील ते ठरवा! वाटायचा आहे तो देव नव्हे, वर्ष. तुम्ही बोलून जाता आणि ओवरीतला ताण सैल होतो.

ही बैठक मी कल्पनेने उभी केली. निकाल मात्र खरा आहे आणि आजही चालू आहे. खंडोबाची मूर्ती सुमारे सव्वादहा महिने अणदुरात असते आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात. नेताना-आणताना दोन्ही गावांमध्ये लेखी करार होतो, पालखी निघते, भंडारा उधळला जातो. या वाटणीतली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. दिवस मोजले तर वाटणी अगदी विषम दिसते. पण पौष पौर्णिमेची मोठी यात्रा नळदुर्गच्या वाट्याच्या दिवसांत येते. म्हणजे ज्यांनी हे ठरवलं त्यांनी दिवस नुसते मोजले नाहीत, त्यांचं वजनही केलं.

तुम्हाला ओवरीत जे झालं त्याला मानसशास्त्रात अंतर्दृष्टी म्हणतात. मी साधं उमज म्हणेन. तिचं एक विचित्र लक्षण आहे: ती येण्याआधी ती येतेय हे तुम्हाला कळत नाही. १९८७ साली जॅनेट मेटकाफ आणि डेव्हिड वीब यांनी लोकांना दोन प्रकारचे प्रश्न दिले, काही बीजगणिताचे आणि काही असेच उमज लागणारे. सोडवताना दर पंधरा सेकंदांनी त्यांनी सांगायचं, उत्तराच्या किती जवळ आल्यासारखं वाटतंय. बीजगणितात ही भावना पायरी-पायरीने चढत गेली. उमजेच्या प्रश्नांत शेवटच्या घडीपर्यंत ती जवळपास सपाट होती, आणि मग उत्तरच आलं. मेटकाफ यांच्या त्याआधीच्या प्रयोगात तर ज्यांना आपण जवळ पोचतोय असं वाटू लागलं होतं, ते बहुधा चुकीच्या उत्तराकडेच निघाले होते. तेव्हा ओवरीत अर्धी सकाळ तुम्ही ढिम्म बसून होतात म्हणून तुमची बुद्धी मंद होती असा अर्थ काढू नका. तो वेळ लागतोच, आणि बाहेरून तो रिकामा दिसतो.

अडकायला कारण होतं. कुणीही न सांगता तुम्ही एक अट स्वतःवर घालून घेतली होती: देवाची जागा कायमची असते. स्टेलन ओल्सन या संशोधकाचं म्हणणं असं की अशा कोंडीत माणसाला माहितीची उणीव नसते, प्रश्नाचं मनात बसलेलं चित्र चुकीचं असतं. ते चित्र मोडलं की उत्तर समोरच असतं.

पण ते मोडलं कशाने? त्यासाठी तुम्हाला अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या एका खोलीत आणतो. साल १९३१ च्या आसपासचं. छतापासून दोन दोऱ्या लोंबताहेत. त्यांची टोकं एकमेकांना बांधायची आहेत, पण एक धरली की दुसरीपर्यंत हात पोचत नाही. खोलीत खुर्च्या, काठ्या, पक्कड, वायरी पडल्या आहेत. नॉर्मन मायर नावाचे प्रयोगकर्ते कोपऱ्यात उभे आहेत. तुम्ही वायर जोडून दोरी लांबवता, काठीने ओढून आणता. मायर प्रत्येक वेळी म्हणतात, ठीक, आता आणखी वेगळ्या रीतीने करा. तुम्ही थांबता. मायर खिडकीकडे चालत जातात, जाता जाता त्यांचा धक्का एका दोरीला लागतो आणि ती जरा झुलते. मिनिटभरात तुम्हाला सुचतं: दोरीला पक्कड बांधायची, लंबकासारखी झुलवायची, दुसरी दोरी हातात धरून उभं राहायचं आणि पहिली जवळ आली की पकडायची.

मायर विचारतात, हे कसं सुचलं? तुम्ही सांगता, असंच, अचानक. त्यांच्या बहुतेक सहभागींनी असंच सांगितलं. झुललेल्या दोरीचं नाव फार थोड्यांनी घेतलं. एका मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने तर झाडांवरून झोके घेत नदी ओलांडणारी माकडं डोळ्यांपुढे आल्याचं सांगितलं. त्याचा अनुभव खरा होता. फक्त माकडांना कुणी बोलावलं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

आता ओवरीसमोरून गेलेली ती लेक आठवा. माणूस एकच, घरं दोन, आणि दोन्ही घरं तिची. दिवाळीला इथे, पंचमीला इथे, बाकी वर्षभर तिथे. तुम्ही तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

आता पुन्हा इकडे, नळदुर्गला. साल १६१३. विजापूरच्या गादीवर दुसरा इब्राहीम आदिलशहा आहे आणि तुम्ही बोरी नदीच्या पात्रात गुडघाभर गाळात उभे आहात. एका काठाला किल्ला, दुसऱ्या काठाला रणमंडळाची टेकडी, आणि दोहोंच्या मधे काळ्या दगडाची प्रचंड भिंत नदीवर आडवी चढत आलेली. चुन्याच्या घाणीला जुंपलेले बैल गोल फिरताहेत. पाथरवटांच्या छिन्न्यांचा आवाज थांबत नाही. कानावर दख्खनी, कानडी, मराठी एकाच वाक्यात मिसळून येतात. दगड उचलणाऱ्यांच्या रांगेत तुम्हाला उभं केलंय, आणि पहिल्याच दगडाला कळतं की पाठ म्हणजे काय.

काम मीर इमादीन या स्थपतीच्या हाती आहे. त्याच्यापुढचा पेच दुपारच्या विसाव्यात मुकादम तुम्हाला समजावतो. किल्ल्याला बारमाही पाणी हवं, म्हणून नदी अडवायची. पण बोरी उन्हाळ्यात जेवढी शांत, तेवढीच पावसाळ्यात बेभान. उंच भिंत घातली तर पूर डोक्यावरून जाणार आणि पायथा उखडणार. बुटकी घातली तर पाणी साठणार नाही. तुम्ही लगेच म्हणता, भिंत आणखी जाड करा, आणखी उंच करा, पाणी वरून येऊच देऊ नका. मुकादम काही बोलत नाही. तो तुम्हाला हाताला धरून भिंतीच्या आत नेतो.

होय, आत. भिंतीच्या पोटात जिना उतरतो. खाली महाल आहे, नदीच्या उतराकडे तोंड केलेल्या सज्जाचा. वर पुराला जायला वाटा ठेवल्या आहेत. पुढे लोक त्यांच्यावरून कोसळणाऱ्या धबधब्यांना नर आणि मादी म्हणतील. पावसाळ्यात पूर त्या वाटांनी वरून जाईल, सज्जासमोर पांढऱ्या पडद्यासारखा कोसळेल, आणि आत बसलेल्या माणसाचं अंग कोरडं राहील. इब्राहीम संगीताचा विलक्षण वेडा होता. अशा राजाच्या राज्यात पाण्याचा आवाज ऐकायला महाल बांधला जावा, हे मला अगदी शोभून दिसतं.

तुम्ही वर येता तेव्हा तुमचा प्रश्न बदललेला असतो. पूर भिंतीवरून जाऊ नये म्हणून काय करायचं, असं तुम्ही विचारत होतात. तो जाणारच आहे, मग कुठून आणि कसा जावा, असं इथे विचारलं गेलं. एकदा एवढं मान्य केलं की भिंतीवरून जाणारं पाणी हा धोका राहत नाही, तोच महालाचा देखावा होतो. चारशे वर्षं झाली. जोरदार पाऊस झाला की आजही लोक नर-मादी पाहायला नळदुर्गला गर्दी करतात.

ग्रॅहम वॉलस या इंग्रज विचारवंताने १९२६ मध्ये अशा विचाराच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या: तयारी, मुरणं, प्रकाश आणि पडताळा. गोष्टी सांगताना आपण तिसरीवरच रेंगाळतो. आंघोळीच्या टबातला आर्किमिडीज, बसच्या पायरीवर पाय ठेवताना गणित उलगडलेला पॉइन्कारे. तुम्ही आज ज्या रांगेत उभे राहून दगड उचललेत ती चौथी पायरी. पाणीमहालाची कल्पना एका क्षणात सुचली असेलही, पण ती खरी ठरली ती एकेक दगड सांध्याला सांधा लावून बसवल्यामुळे. आणि आधी बोरीचे पूर कुणीतरी काठावर उभं राहून वर्षानुवर्षं पाहिले होते. ज्याने नदी पाहिलेली नाही, त्याला ही उमज येणं शक्य नव्हतं.

इथवर उमजेचं झालं. अंतःप्रेरणा हे वेगळं प्रकरण आहे. उमजेत जुनं चित्र मोडतं, अंतःप्रेरणेत जुनं चित्र ओळखू येतं. ही दुसरी शक्ती फसवते केव्हा ते दाखवायला मला तुम्हाला जिथे न्यायचंय, तिथे जायला मन होत नाही.

२९ सप्टेंबर १९९३ ची रात्र. अनंत चतुर्दशी. अणदूरच्या ईशान्येला, किल्लारीत तुम्ही गणपती विसर्जन करून घरी आलाय. घर दगड-मातीचं आहे, भिंती दोन-दोन हात जाड, वर माळवद, त्यावर वर्षानुवर्षं थापलेली माती. तुम्ही भिंतीला टेकता आणि ती गार लागते. आजोबा म्हणायचे, भिंत जाड तर घर पक्कं. आजोबा चूक नव्हते. मराठवाड्याच्या उन्हाळ्याने, पावसाने, चोरांनी ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या तपासून दिली होती. दर मे महिन्यात जाड भिंतीच्या घराने आपला शब्द पाळला होता. गेल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, इकडे जमिनीला धक्के बसले होते. लोक घाबरले. नंतर ते थांबले, आणि मनाने सांगितलं, संपलं असेल. दख्खनचं पठार स्थिर आहे असं जाणकारही मानत होते.

पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. सुमारे दहा हजार माणसं गेली, त्यांतली कितीतरी त्याच माळवदांखाली.

इथे थांबतो, कारण या प्रसंगाबद्दल शहाणपण सांगणं सोपं आहे आणि ते योग्य नाही. एवढंच नोंदवतो. डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन हे दोघे अंतःप्रेरणेबद्दल वर्षानुवर्षं विरुद्ध टोकांना उभे होते. एक तिच्या चुका मोजणारा, दुसरा आगीशी झुंजणाऱ्या बंबवाल्यांच्या क्षणार्धातल्या अचूक निर्णयांचा अभ्यासक. २००९ मध्ये दोघांनी मिळून लेख लिहिला आणि दोन अटींवर एकमत केलं. ज्या क्षेत्रात मन सांगतंय तिथे गोष्टी पुरेशा नियमाने घडत असायला हव्यात. आणि तो नियम शिकायला माणसाला भरपूर संधी मिळायला हवी, म्हणजे आपला अंदाज बरोबर निघाला की चूक, ते त्याला कळत राहायला हवं. उन्हाळ्याबाबत आजोबांच्या दोन्ही अटी पुऱ्या होत्या. भूकंपाबाबत एकही नाही. आणि आतून दोन्ही खात्र्या सारख्याच वाटतात. म्हणून मन किती ठामपणे सांगतंय यावर विश्वास ठेवू नका. ते कुठे शिकून आलंय, ते विचारा.

किल्लारीच्या त्या रात्रीहून आणखी पाच वर्षं मागे आणि बरंच पूर्वेला, गडचिरोलीत. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं काम चालू आहे. खेड्यांत बाळं न्यूमोनियाने दगावताहेत. तुमच्यासमोर एक दाई बसली आहे. शेकडो बाळंतपणं तिच्या हातांनी केली आहेत. न्यूमोनिया ओळखायची खूण ठरलेली आहे: दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास घेत असेल, त्याहून मोठं तान्हं पन्नास किंवा अधिक, तर श्वास जलद. पण दाईला आकडे दहा-बारापर्यंतच येतात. तुम्ही काय कराल? तिला पन्नासपर्यंत मोजायला शिकवाल? मीही आधी तोच विचार केला असता.

तुमच्या हातात एक लहानसं साधन येतं. मिनिटभराची वाळूची घटिका आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर न्यूमोनिया. दाई घटिका उलटी करते. पहिला मणी. दुसरा. तिचे डोळे बाळाच्या पोटावर, बोटं मण्यांवर. पन्नासचा आकडा कुठेच नाही, आणि मोजणी अचूक आहे. इथेही एक न बोललेली अट मोडली: मोजायला आकडे यायलाच हवेत, ही. गावातच न्यूमोनिया ओळखून उपचार करण्याच्या 'सर्च'च्या प्रयोगाचा अहवाल १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आला. जिथे हे उपचार गावातच मिळाले, तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते.

आता परत अणदूर. १९९० च्या दशकाचा उत्तरार्ध. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी इथे हॅलो मेडिकल फाउंडेशन उभी केली आहे. आसपासच्या खेड्यांतल्या साध्या, कमी शिकलेल्या बायकांना इथे आरोग्याचं शिक्षण मिळतं आणि त्या 'भारतवैद्य' म्हणून आपापल्या गावात काम करतात. जवळच्या एका खेड्यात अशाच एका बाईच्या मागे तुम्ही रात्री गल्लीतून चाललाय. तिचं नाव मी ठेवत नाही. ती अशा अनेकींची मिळून मी मनात घडवलेली आहे. हातात बॅटरी, खांद्याला औषधांची पिशवी.

घरात कंदील आहे. तरुण आई, मांडीवर तीन वर्षांचं पोर. भारतवैद्य उंबऱ्यावरच क्षणभर थांबते, पोराकडे बघते, आणि तिचा चेहरा बदलतो. अजून तिने काही विचारलेलं नाही.

"कवापासनं हाय गं?"

"कालधरनं, मावशी. खोकला तर सगळ्या गल्लीलाच हाय."

"खोकल्याचं नाही इचारत. दूध पितंय का?"

"सकाळपासनं नाही घेतलं."

तिला उंबऱ्यावरच काहीतरी कळलं होतं. हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळपटूंचा अभ्यास करून या रहस्याची उकल फार सरळ केली होती: अंतःप्रेरणा म्हणजे ओळखणं, त्यापलीकडे काही नाही. पट पाहताच उस्तादाला चाल दिसते, कारण तसे हजारो पट त्याच्या स्मरणात असतात. या बाईच्या स्मरणात पोरं आहेत. आणि तिला एक गोष्ट मिळते जी मोठ्या इस्पितळातल्या पुष्कळ तज्ज्ञांना मिळत नाही. तिथे रुग्ण औषध घेऊन जातो, पुढे त्याचं काय झालं ते डॉक्टरला बहुधा कळत नाही. ही मात्र याच गल्लीत राहते. आपण साधी सर्दी म्हणालो ते पोर तिसऱ्या दिवशी अंगणात खेळतंय की नाही, ते तिला पाणी भरायला जाताना दिसतं. तिची चूक तिच्या दारावरून चालत जाते. काहनेमन-क्लाइन यांची दुसरी अट तिचं गावच पुरी करतं. खेड्यातल्या बाईला डॉक्टरी काय कळणार, असं म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट कधी लक्षात घेतली नाही, याचा मला राग येतो.

तुम्ही हळूच विचारता, "दारातूनच कसं ओळखलंत?"

"पोर रडंना झालंय. अनोळखी माणूस बघून बी रडंना झालंय," ती म्हणते. मग जरा थांबून, "अन् काय ते सांगता येत नाही."

एवढी खात्री असूनही ती तेवढ्यावर थांबत नाही, हे नीट बघा. सदरा वर करते, कंदील जवळ घ्यायला सांगते, घड्याळ समोर धरते आणि पूर्ण मिनिट श्वास मोजते. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करत नाही, कारण लहान पोराचा श्वास मधेच अडखळतो. या वयाला चाळीस किंवा अधिक झाले की धोका. ती बावन्न मोजते. फासळ्यांखालचा भाग श्वासागणिक आत ओढला जातोय.

"अणदूरला न्यायचं. आत्ता," ती सांगते. सासरा म्हणतो सकाळी बघू, इतक्या रात्री गाडी कुठनं आणायची. ती त्याच्याशी वाद घालत नाही. पोराला उचलते, सासऱ्याचा हात त्याच्या छातीवर ठेवते, आणि त्यालाच मोजायला लावते.

वीसपर्यंत मोजून म्हातारा उठतो आणि शेजाऱ्याची जीप मागायला बाहेर पडतो. ती तोवर पिशवीतून वही काढते, आईला पोराचं वय विचारते आणि आकडा लिहून घेते.